मोबाईलवर पोरगं शिकतंय की नुसतं बघतंय? चांगला धडा ओळखायच्या आणि बनवायच्या सोप्या खुणा

एकाच विषयावर यूट्यूबला दहा-दहा व्हिडिओ सापडतात. त्यातला कोणता डोक्यात उतरणार आणि कोणता नुसता डोळ्यांसमोरून निघून जाणार, हे बरंचसं त्यातल्या मजकुराच्या, चित्राच्या आणि आवाजाच्या मांडणीवर ठरतं. पालक, शिक्षक, कृषी सहायक, बचत गट अशा सगळ्यांच्या कामाची ही माहिती.

वाड्यावस्त्यांवर आता घरोघरी स्मार्टफोन आला आहे. ग्रामीण भागातल्या मुलांची पाहणी करणाऱ्या 'असर २०२४' अहवालात १४ ते १६ वर्षांच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलांना विचारलं होतं, की गेल्या आठवड्यात फोन कशासाठी वापरला? ७६ टक्के मुलांनी सोशल मीडियासाठी वापरल्याचं सांगितलं. पण ५७ टक्के मुलांनी अभ्यासाच्या कामासाठीही वापरला होता. म्हणजे निम्म्याहून जास्त पोरं अभ्यासासाठी फोन हातात घेतायत.

खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. अर्धा तास व्हिडिओ बघितल्यावर "काय शिकलास?" असं विचारलं, की बऱ्याच घरात उत्तर येतं, "व्हिडिओ लय भारी होता." विषय मात्र सांगता येत नाही. यात पोराचा दोष असेलच असं नाही, कधी कधी धडाच तसा बनवलेला असतो. त्यात क्लासवाले आणि ॲपवाले चकचकीत ॲनिमेशन दाखवून वर्षाची फी एकरकमी मागतात. पैसे भरण्याआधी धडा कसा जोखायचा, हे पालकांना ठाऊक असलेलं बरं.

डोक्याची ओंजळ लहान असते

कुणी मोबाईल नंबर सांगितला तर आपण दहाही आकडे एका दमात धरत नाही. "अठ्ठ्याण्णव, बावीस..." असे तुकडे पाडतो. मध्येच कुणी हाक मारली की नंबर विसरला. असं का होतं?

नवी गोष्ट कळायच्या आधी ती मनाच्या एका छोट्या जागेत धरून ठेवावी लागते. ही जागा ओंजळीएवढी असते. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली सांगितलं, की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी धरू शकतो. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवान यांनी हा आकडा चारच्या आसपास आणला. विषय अगदी नवा असेल तर ओंजळ लवकर भरते. वरून आणखी ओतलं की सांडतं.

ऑस्ट्रेलियातले जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात यावरूनच शिकवण्याचा एक नियम मांडला. धडा बनवताना विद्यार्थ्याच्या डोक्यावर फुकटचा भार टाकायचा नाही. विषय अवघड असेल तर तेवढा भार घ्यावाच लागतो. पण वाईट मांडणीमुळे पडणारा भार टाळता येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे माहिती डोक्यात शिरायच्या वाटा दोन आहेत. एक डोळ्यांची, दुसरी कानाची. दोन्ही वाटा नीट वापरल्या तर काम हलकं होतं. एकाच वाटेवर गर्दी केली तर बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर होते तशी गत होते.

सायकलचा पंप आणि आकाशातली वीज

कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक रिचर्ड मेयर यांनी या विषयावर अनेक वर्षं प्रयोग केले. त्यांची उदाहरणं आपल्याही ओळखीची आहेत.

पहिलं उदाहरण सायकलमध्ये हवा भरायच्या पंपाचं. १९९१ च्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांना पंपाचं हलतं चित्र आणि माहितीचा आवाज एकाच वेळी दिला. काहींना आधी आवाज ऐकवला आणि चित्र नंतर दाखवलं. माहिती दोघांना तीच. मग प्रश्न विचारला, "दांडा वर-खाली केला, तरी हवा येत नाही. काय बिघडलं असेल?" चित्र आणि आवाज एकत्र मिळालेल्यांना असे प्रश्न जास्त चांगले सोडवता आले. दांडा वर जातो तेव्हा व्हॉल्व्ह उघडतो, हे ऐकतानाच तो उघडताना दिसला तर जोड आपोआप बसते.

दुसरं उदाहरण वीज कशी पडते याच्या धड्याचं. १९९८ मध्ये मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्याने या धड्यात वीज अंगावर पडलेल्या लोकांचे थरारक किस्से आणि फोटो घालून पाहिले. वाचायला मजा आली, पण वीज कशी तयार होते हे त्या मुलांना कमी सांगता आलं. लक्ष किश्श्यांकडे गेलं आणि मूळ गोष्ट बाजूला राहिली. २००० सालच्या प्रयोगात असाच धडा पार्श्वसंगीत लावून दाखवला. तेव्हाही समज कमीच झाली.

२००१ मध्ये विजेच्या धड्याचे १६ छोटे तुकडे केले. प्रत्येक तुकडा संपला की धडा थांबायचा आणि विद्यार्थ्याने बटण दाबलं की पुढे जायचा. सलग पाहणाऱ्यांपेक्षा थांबत-थांबत पाहणाऱ्यांना नवे प्रश्न जास्त जमले. पूर्ण धडा अडीच मिनिटांचासुद्धा नव्हता. एवढ्याशा धड्यात थांबण्याने फरक पडतो, मग चाळीस मिनिटांच्या सलग लेक्चरमध्ये काय होत असेल?

यातले बरेच प्रयोग अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांवर झाले आहेत. चौथीच्या पोरासाठी किंवा पन्नाशीतल्या शेतकऱ्यासाठी ते वापरताना तारतम्य हवंच. पण ओंजळ सगळ्यांचीच लहान असते, त्यामुळे खुणा तपासून बघायला काही हरकत नाही.

पडद्यावर मजकूर किती, आणि कुठे?

बरेच व्हिडिओ बनवणारे पडद्यावर परिच्छेदच्या परिच्छेद टाकतात आणि तेच मोठ्याने वाचून दाखवतात. शेजारी चित्रही हलत असतं. आता डोळ्यांनी काय करायचं? अक्षरं वाचायची की चित्र बघायचं? इथे डोळ्यांच्या वाटेवर गर्दी होते. चित्र समजावून सांगायचं असेल तर तोंडाने सांगावं आणि पडद्यावर मोजकेच शब्द ठेवावेत.

याला एक मोठा अपवाद आहे. जिथे वाचायला शिकणं हाच हेतू असतो, तिथे ऐकू येणारे शब्द खाली लिहून येणं फायद्याचं असतं. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी टीव्हीवरच्या सिनेमाच्या गाण्यांखाली त्याच भाषेत गाण्याचे शब्द दाखवण्याची कल्पना मांडली. १९९९ मध्ये गुजराती गाण्यांच्या टीव्ही कार्यक्रमात ती वापरली गेली. गाणं पाठ असतं, शब्द डोळ्यांसमोर सरकतो, आणि अडखळत वाचणाऱ्याला सराव मिळतो. म्हणजे एकच गोष्ट एका कामाला अडचण ठरते आणि दुसऱ्या कामाला मदत करते. धडा कशासाठी आहे, ते आधी ठरवावं लागतं.

मजकूर कुठे आहे, यालाही महत्त्व आहे. फुलाच्या चित्रावर अ, ब, क, ड लिहून त्यांचा अर्थ खाली किंवा पुढच्या पानावर दिला, तर पोराची नजर वर-खाली करण्यातच दमते. पाकळीवरच 'पाकळी' आणि पुंकेसराशेजारीच 'पुंकेसर' लिहिलं की काम भागलं. मोबाईलवर तर हे जास्तच लागू होतं. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या दोन रकान्यांच्या पीडीएफ बोटांनी मोठ्या करत, इकडून तिकडे सरकवत वाचाव्या लागतात. त्यात अर्धं लक्ष जातं.

भाषेचंही तसंच आहे. २००४ मध्ये मेयर यांनी श्वसनाच्या धड्यात बाकी काही न बदलता 'फुफ्फुस' असं होतं तिथे 'तुमचं फुफ्फुस' असं केलं. एवढ्या बदलाने समज वाढली. समोरचा आपल्याशी बोलतोय असं वाटलं की कान टवकारतात. आपल्याकडे "सदर प्रक्रियेअंतर्गत श्वासोच्छ्वास केला जातो" असं वाचलं की पोरगं जांभई देतं. "तुम्ही श्वास घेता तेव्हा तुमची छाती फुगते, हात ठेवून बघा" असं म्हटलं की लगेच हात छातीवर जातो.

चित्र सगळ्यांना सारखंच कळतं, असं नाही

"चित्र दाखवलं की अडाण्यालाही कळतं," असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. चित्राचीही एक भाषा असते आणि ती शिकावी लागते. बाण म्हणजे 'पुढची पायरी', फुली म्हणजे 'करू नका', मोठं केलेलं वर्तुळ म्हणजे 'हा भाग जवळून दाखवलाय', हे शाळेत गेलेल्याला माहीत असतं. इतरांना ते एकदा सांगावं लागतं.

सगळ्यात जवळचं उदाहरण घरात, गोठ्यात किंवा शेतावरच्या खोलीत पडलेलं असतं. कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोन टोकावर उभा केल्यासारखं एक चिन्ह असतं आणि त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा म्हणजे मध्यम विषारी आणि हिरवा म्हणजे त्यामानाने कमी विषारी.

अडचण हिरव्याची आहे. सिग्नलचा हिरवा, शाकाहारी पाकिटावरचा हिरवा ठिपका, हे सगळं 'चालतंय, घ्या' असं सांगतं. त्यामुळे डब्यावरचा हिरवा बघून 'हे औषध बिनधास्त' असा समज होणं साहजिक आहे. प्रत्यक्षात त्यावर सावधानतेचा इशारा असतो आणि ते विषच असतं. पिवळा बघूनही ते जहाल असेल असं वाटत नाही, तरी तो लालच्या खालोखाल आहे. त्याच डब्यावर आणि घडी घातलेल्या पत्रकावर वापराच्या सूचना इतक्या बारीक अक्षरांत असतात, की चष्मा असला तरी वाचवत नाहीत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. त्यामागे अनेक कारणं होती. पण सूचना समजेल अशी मांडणं हा जीवनमरणाचा प्रश्न असू शकतो, हे विसरता येणार नाही.

कृषी सहायक किंवा दुकानदार यांनी डबा हातात देताना त्या रंगाचा अर्थ एकदा तोंडी सांगितला आणि "आता तुम्ही सांगा, हा कोणता?" असं विचारलं, तर दोन मिनिटांत काम होतं.

बोट लावलं की शिकलं, असं नसतं

'इंटरॅक्टिव्ह' हा शब्द हल्ली प्रत्येक ॲपच्या जाहिरातीत असतो. म्हणजे बोट लावलं की काहीतरी होतं. नाणी पडतात, फुगे फुटतात, टाळ्या वाजतात. पण बोटाने काय केलं आणि डोक्याने काय केलं, हे वेगवेगळं बघायला हवं. चारपैकी एक पर्याय दाबायचा, चुकला तर दुसरा दाबायचा, असं करत पोरगं सगळी नाणी गोळा करतं. डोकं कुठेच लावावं लागत नाही.

याउलट 'फेट' या नावाने मिळणारे विज्ञान-गणिताचे खेळ पाहा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये हे काम सुरू केलं. हे खेळ मोफत आहेत आणि त्यातले बरेच मराठीतही आहेत. विजेच्या खेळात सेल, वायर, बल्ब पडद्यावर मिळतात आणि जोडणी पोराने स्वतः करायची असते. जोडणी अर्धवट राहिली तर बल्ब पेटत नाही. दुसरा सेल लावला तर जास्त उजळतो. "आता काय होईल?" असा अंदाज बांधायचा आणि लगेच करून बघायचं. इथे बोटामागे डोकं चालतं.

यासाठी फोनच हवा असंही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचं काम उभं केलं. पानं, फुलं, बिया, शंख-शिंपले हेच तिथलं शिकायचं साहित्य होतं. बिया मोजणं, लहान-मोठ्या लावणं, वेगळ्या करणं हे सगळं हातानेच. ॲपमध्ये बोटाने सरकवून जे करायचं, ते चिंचोक्यांनीही होतं आणि त्याला चार्जिंग लागत नाही.

पुस्तकावरच्या चौकोनाचा उपयोग करा

बालभारतीच्या पुस्तकांत काळा-पांढरा ठिपक्यांचा चौकोन छापलेला असतो. तो क्यूआर कोड. केंद्र सरकारच्या २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' ॲपमधून तो स्कॅन केला, की त्या धड्याशी जोडलेलं साहित्य उघडतं. पुस्तकाला असे कोड जोडण्यात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले तेव्हाचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचं नाव आधी घेतलं जातं. याच कामासाठी त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला.

यात मांडणीचा एक मोठा फायदा आहे. पुस्तकातला धडा आणि त्याचा व्हिडिओ एकमेकांशेजारी येतात. शोधत बसावं लागत नाही, आणि शोधता शोधता पोरगं रील्सकडे वळत नाही.

बघून झालं की फोन पालथा ठेवा

धडा कितीही चांगला असला तरी एक काम शेवटी उरतंच, ते म्हणजे आठवून सांगणं. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि तीन वेळा, न बघता, आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. गंमत म्हणजे "आपल्याला चांगलं लक्षात राहील" असा भरवसा चार वेळा वाचणाऱ्यांनाच जास्त होता.

व्हिडिओचंही असंच आहे. बघताना सगळं सोपं वाटतं आणि 'कळलं' असा भास होतो. म्हणून घरात एवढं करा. व्हिडिओ मध्ये मध्ये थांबवा. संपला की फोन पालथा ठेवा आणि पोराला म्हणा, "मला समजावून सांग." आई-बाप शिकलेले नसले तरी हे करता येतं. उलट समोरच्याला माहीत नाही म्हटल्यावर पोरगं जास्त नीट सांगतं. दोन-तीन दिवसांनी तेच पुन्हा विचारा.

गावात व्हिडिओ बनवताय? मग हे बघा

समजा, पेरणीआधी सोयाबीनची उगवणक्षमता घरी कशी तपासायची, यावर व्हिडिओ करायचा आहे. तो असा करता येईल:

- एका व्हिडिओत एकच काम ठेवा. बियाण्याचे भाव, हवामान, खताचा डोस यात घुसडू नका.
- पहिल्याच वाक्यात सांगा: "बियाणं उगवेल की नाही, ते घरच्या घरी तपासू या. लागेल फक्त १०० दाणे आणि ओलं गोणपाट."
- हात जवळून दाखवा. दाणे मोजणं, ओल्या गोणपाटावर ओळीत मांडणं, गुंडाळी करणं, रोज ओल टिकवणं. जे दिसतंय तेच त्या क्षणी बोला.
- पडद्यावर फक्त आकडे लिहा: १०० दाणे, ५ ते ७ दिवस.
- मध्येच थांबा आणि विचारा: "१०० पैकी ६० उगवले, तर बियाणं नेहमीएवढंच टाकायचं का?" दोन-तीन सेकंद गप्प राहा. मग सांगा, की ७० किंवा जास्त दाणे उगवले तर शिफारशीएवढं बियाणं पुरतं. कमी उगवले तर त्या प्रमाणात वाढवावं लागतं, आणि फारच कमी असतील तर बियाणं बदललेलं बरं.
- मागे गाणं लावू नका. वाऱ्याचा आवाज येत असेल तर खोलीत बोला.
- गावात बोलतात तसंच बोला. तिथे 'गोणपाट' म्हणत असतील तर 'गोणपाट', 'बारदान' म्हणत असतील तर 'बारदान'.
- ग्रुपवर टाकण्याआधी विषय माहीत नसलेल्या एकाला दाखवा आणि "आता काय काय कराल, सांगा" असं विचारा. तो जिथे अडखळेल, तिथे व्हिडिओ दुरुस्त करा.

पालकांसाठी पाच प्रश्न

ॲपचे किंवा क्लासचे पैसे भरण्याआधी एक नमुना धडा पोराबरोबर बसून बघा आणि स्वतःला विचारा:

१. आवाज ज्याबद्दल बोलतोय, तेच त्या वेळी पडद्यावर दिसतंय का?
२. विषयाशी संबंध नसलेलं संगीत, विनोद, नाचणारी चित्रं किती आहेत?
३. धडा छोट्या तुकड्यांत आहे का, आणि तो मध्ये थांबवता येतो का?
४. पोराला अंदाज बांधायला, करून बघायला, आठवायला लावतोय की नुसतं बटण दाबायला?
५. फोन बंद केल्यावर पोरगं तो विषय स्वतःच्या शब्दांत सांगू शकतं का?

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं बरी आली आणि पाचव्याचं आलं नाही, तर फी भरायची घाई करू नका. तोच विषय पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून 'दीक्षा'वर मोफत बघा, शाळेतल्या गुरुजींना किंवा बाईंना विचारा, आणि दोन दिवसांनी पोराला पुन्हा "समजावून सांग" म्हणा.